दोन सुतं

डुलुथला जानेवारीत, रात्री दोनला,
स्वयंपाकघरात काहीतरी फाटकन वाजलं.
हेरंब कुशीवर वळत म्हणाला, तळ्यावरचा बर्फ असेल.
मी दिवा लावला.
टेबल होतं.

अॅशच्या सहा फळ्या, माझ्या हातच्या,
सरस लावून आठ शिकंज्यांत आवळलेल्या,
आणि खालून तीन आडव्या पट्ट्या, बावीस स्क्रू.
हलू नये म्हणूनच तर.
चीर सांध्यात नव्हती, कोऱ्या लाकडातून गेली होती,
डाइमचं नाणं उभं आत जाईल एवढी.

सकाळी शेजारचे टोइवो आले,
बूट दारात काढून, टोपी न काढता.
गुडघ्यांवर बसून त्यांनी खालचे स्क्रू मोजले.
"भोकं गोल पाडलीस?"
भोकं गोलच असतात ना?
त्यांनी कॉफी संपवली, मग किराणाच्या पावतीमागे
एक लांबुडकं भोक काढलं, खजुराच्या बीसारखं.

लांबीत हलत नाही म्हणाले, रुंदीत हलतं.
ऑगस्टात तळ्यावरची दमट हवा पिऊन फुगतं,
हीटर लागला की आखडतं.
छत्तीस इंचांना दोन सुतं तरी.
सूत हा शब्द माझा,
कणकवलीच्या बाबल मेस्त्रीकडून आलेला;
टोइवो म्हणाले होते, पाव इंच.

मी हट्टाने विचारलं, वॉर्निशचे सहा हात दिले तर?
"उशिरा हलेल."
लोखंडी पट्टी?
"मग पट्टी वाकेल."

आता दुसरं टेबल आहे.
मधला स्क्रू गच्च, बाकीचे आपापल्या लांबट खाचेत,
वॉशरखाली, टेकतील इतकेच.
तेच जमायला वेळ लागला.
हात शेवटचा पाव फेरा मागतच राहतो.

वर्षातून दोनदा मी टेबलाखाली उताणी झोपते,
पेन्सिलीने लिहिते:
चार फेब्रुवारी, आत.
एकोणीस ऑगस्ट, बाहेर, नखाला लागतं.
हेरंब विचारतो, काय वाचतेस तिथे?
मी म्हणते, हवामान.

टोइवो मुलाकडे टूसॉनला गेले,
स्वतः केलेलं बर्चचं स्टूल घेऊन.
फोनवर म्हणाले, पहिल्याच महिन्यात पाय सैल झाले.
स्टूलचे की तुमचे, मी विचारलं नाही.

जुनं टेबल तळघरात आहे, कुंड्यांखाली.
चीर बुजवली नाही.
जुलैत ती जवळजवळ मिटते,
आत सांडलेली माती
तशीच धरून.