स्थळ बघणं

साखर पेठेतल्या रजनी येमूल
मासा द्यायच्या आधी स्थळ बघतात.
टाकी किती लिटरची? खिडकी कुठल्या अंगाला?
नळाला पाणी कितव्या दिवशी?

पन्नास. पश्चिमेला. पाचव्या.

मी बोट दाखवलं : तो काळा,
काचेला तोंड चिकटवून बसलेला.
"सकर? आज बोटाएवढा आहे.
दोन वर्षांत हातभर होईल,
खाईल चिमूटभर, घाण ढीगभर.
मग एका रात्री पिशवीत घालून
तळ्याकडे निघाल. बरेच जण निघतात.
मी नाही देणार."

बरं, तो सोनेरी?
"लहानपणी गुणी. वयात आला
की शेवाळ सोडून दुसऱ्यांच्या अंगाला लागतो."
आणि हे चिमुकले?
"ऑटो. कामसू, पण सहा तरी लागतात,
टाकी मुरलेली लागते. तुमची महिन्याची.
शिवाय एप्रिल. वर पत्राच ना?"

पत्राच. खाली माग.

शेवटी तीन काळ्या मोली, एक नर, दोन माद्या.
"आपलं पाणी जड. तुमच्या पातेल्यात पांढरं बसतं,
ह्यांना तेच मानवतं.
आणि खिडकीला पडदा लावा हो,
उन्हाचं शेवाळ माशानं किती खायचं?"

पडदा नव्हता.
सेकंडमध्ये निघालेली चादर लावली,
तिच्यावरचा एक मोर बिनमानेचा.

काच अजून हिरवीच आहे.
दुपारपाळीनंतर समोर बसतो :
तीन तोंडं, टुक टुक,
खाली धोटा.