चौऱ्याहत्तर

लीड्समधलं माझं चष्म्याचं दुकान
बुधवारी अर्धा दिवस बंद असतं.
मी गॅलरीत येते, पहिल्या मजल्यावर,
तिथे एक नदी टांगलेली आहे.
बाहेरची एअर नदी तपकिरी, घाईतली.
ही थांबलेली.

जवळ गेलं की नदी नसतेच.
टिकलीएवढे रंग, एकाला दुसरा न लागलेला:
निळ्याशेजारी नारिंगी,
जांभळ्याला खेटून पिवळा.
हिरवा जवळजवळ लावलेलाच नाही,
तरी चार पावलं मागे सरकलं
की झाड हिरवं होतं.
ते काम माझ्या डोळ्याचं.
चित्रकार नुसता सुटे पैसे मोजून ठेवतो.

काठाला होडी बांधलेली. रिकामी.
पाणी इतकं गप्प
की मी पर्सची चेनसुद्धा उघडत नाही.

पल्हाददादाला असेच ठिपके दाखवले होते
भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात.
जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कुठलंसं पान.
मी दाराच्या फटीतून वाचलं, चौऱ्याहत्तर.
ओठ हलवून सांगितलंही.
त्याने माझ्याकडे बघितलं नाही.
"नुसते ठिपके आहेत, साहेब."

इंजिन गेलं.
तो बॅटऱ्या चार्ज करायच्या दुकानात बसला
आणि मी, का कोण जाणे,
डोळ्यांचं शिकले.

आज फोटो काढून त्याला पाठवला.
तिकडे रात्रीचे साडेनऊ, शटर ओढत असेल.
उत्तर आलं:
पाणी गार वाटतंय.
होडीत वाकून बसलाय तो कोण?

मी जवळ गेले. मागे आले.
चष्मा काढला, पुसला, घातला.
खुर्चीवरच्या डोरीनला विचारलं.
"अकरा वर्षं मी इथे बसते,
ती होडी रिकामीच आहे गं," म्हणाली,
पण उठली, गुडघा चोळत,
आणि आम्ही दोघी बघत राहिलो.

खांदा बघ, डावा, त्याने लिहिलं.
काठाच्या रंगातच आहे, पण उजळ.
दोर सोडतोय.

मी टाइप केलं, खोडलं,
पुन्हा टाइप केलं:
नुसते ठिपके आहेत, दादा.

गॅलरी पाचला बंद होते.
डोरीनने घड्याळाकडे बघितलं
आणि काही बोलली नाही.