हातचा

या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
गाडीनं पाऊण तास. सिग्नल लागले तर तास.
तेवढ्यात आम्ही एकोणीस संस्था :
चर्चची, मशिदीची, परिचारिकांची,
म्हसळ्याच्या पांगारकरांनी गॅरेजमागे काढलेली,
आणि आमची. अकरा बायका, एक फ्रीजर,
भिंतीवर परवाना, फ्रेम जरा तिरकी.

मुहर्रकच्या बद्रियाबाई म्हणाल्या,
यंदा याद्या एकत्र करा.
कुणाला तिप्पट, कुणाला काहीच नाही, हे बरं नव्हे.
कॉफीचे इवले पेले फिरले. सगळ्यांनी मान हलवली.
याद्या माझ्याकडे आल्या,
कारण सांगलीच्या बँकेत नऊ वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला होता.

एकोणीस याद्या, चार लिप्या.
एसी गळत होता, खाली पातेलं.
रात्री दीडला सापडला :
गंगाराजम. जी. राजाम. गंगा राजन.
मोबाइल नंबर एकच.
तीन खोकी. पंधरा किलो तांदूळ, तीन तेलाचे डबे,
आणि उन्हाच्या टोप्याही तीन.
डोकं एक!
मला, खरं सांगते, आनंद झाला.
चोर सापडल्याचा आनंद हिशेबनिसालाच कळतो.

शुक्रवारी सलमाबादला गेले.
टायरच्या दुकानांमागची गल्ली, गटाराचं झाकण निसटलेलं,
जिन्यावर चपलांचा ढीग. मी मोजल्या नाहीत तेव्हा.
गंगाराजम जगतियालचा, गवंडी, पन्नाशीचा,
दोन बोटं अर्धीच.
मी तिन्ही नावं वाचून दाखवली.
तो म्हणाला, हो, तिन्ही मीच. बसा.
बसायला टोप्यांचंच खोकं होतं.

मग त्यानं उशीखालून वही काढली.
सिमेंटच्या पिशवीचा कागद, दोऱ्यानं शिवलेला,
तेलुगू आकडे नव्हेत, आपलेच इंग्रजी, कोरीव.
नावं नव्हतीच. नुसत्या खुणा :
खोकणारा. बिहारचा उंच. ज्याचा पासपोर्ट मालकाकडे.
ज्याचा मालकच पळाला. नवीन पोरगा.
सात जण.
नाव दिलं तर यादीत येतात, मॅडम,
यादीत आले तर पकडतात.
खुणेपुढे तांदूळ, डाळ, तेल पळीपळीनं,
आणि एका ओळीत : कांदा अर्धा.

माझा पेन सवयीनं खाली सरकत गेला.
उभी बेरीज, आडवी बेरीज.
जुळली.
आमच्या एकोणीस संस्थांची तीन आठवडे जुळत नव्हती,
त्याची कांद्यासकट जुळली.

परवाना विचारायचा राहिला.
विचारणार तरी कुठल्या तोंडानं,
माझ्या पर्समध्ये आमचं पावतीपुस्तक होतं,
शिक्का मारलेलं, मागल्या बाजूला कॅटररचा फोन.

शाळेत कापसेबाई शिकवायच्या :
हातचा लिहायचा नाही, लक्षात ठेवायचा.
तो उत्तरात दिसत नाही,
पण विसरलात तर उत्तर चुकतं.
मी तेव्हाही बोटं दुमडून ठेवायचे.

घरी आले. पातेलं भरून वाहिलं होतं.
फरशी पुसली. याद्या उघडल्या.
तीन ओळी होत्या, त्या तीनच ठेवल्या.
एका नावाचं स्पेलिंग सुधारलं, म्हणजे
आणखी थोडं बिघडवलं.
बद्रियाबाईंना कळवलं, याद्या तपासल्या, दुबार कुणी नाही.
तासाभरानं उत्तर आलं :
सलमाबादच्या तिघांना चौथं खोकं आमच्याकडून लावा.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं?
की त्याही बोटं दुमडून बसल्या होत्या?
विचारलं नाही मी अजून.
डिसेंबरात ऑडिटर येईल, शहाणा माणूस आहे,
तीन टोप्यांवर बोट ठेवेल.

जिना उतरताना चपला मोजल्या होत्या मी.
आठ जोड, आणि एक सुटी.