किमान आवृत्ती

मार्चचा शेवट. तार्तूत नदीवरचा बर्फ अर्धाच सुटलाय.
स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन लॅपटॉप, काळ्या पावाचा चुरा,
आणि तानेल म्हणतो, काढून टाकू.

तीन-सहा, तीन-सात. तीन-आठवर अजून वाद.
(तीन-दहा हे तीन-नऊच्या पुढचं,
हे मुलीला समजावावं लागलं
ती शाळेत दशांश शिकून आली तेव्हा.
"मग तो ठिपका खोटा आहे," ती म्हणाली.
मी हो म्हटलं.)

आमची लायब्ररी लहान. दुधाच्या टाक्यांमधल्या
थर्मामीटरांचं बोलणं ऐकते, आकडे उतरवून ठेवते.
एवढंच काम. पण त्या एवढ्याशातही
प्रत्येक नव्या ओळीपाशी अडायचं: जुन्याला हे कळेल का?
आणि त्याला कळावं म्हणून
तीच गोष्ट दोनदा लिहायची,
एकदा सरळ, एकदा हात धरून.

याला आम्ही आधार म्हणतो.
काठीही आधारच,
आणि काठी टेकायला भिंत लागते.

चाचण्या रात्री चालतात. सहासाठी अकरा मिनिटं जादा.
तानेलने हिशेब मांडलाय, वर्षाला सदुसष्ट तास.
हिशेबात तो चुकत नाही.
सव्वीस वर्षांचा आहे. प्रोग्राम लिहायला शिकला
तो तीन-सहावरच. हे त्याने सांगितलं नाही,
जुन्या नोंदी चाळताना मला दिसलं:
त्याच्या नावावरची पहिली दुरुस्ती,
एक स्वल्पविराम.

सहा अजून वापरतं कोण?
गेल्या महिन्यात चार यंत्रं. त्यातली तीन बहुधा आमचीच.
चौथं सारेमा बेटावर, हिल्यारच्या डेअरीत,
टाकीखाली बोल्टने आवळलेलं.
विकणारी कंपनी बुडाली, पासवर्ड घेऊन बुडाली.

मी फोन केला. मागे पंपाची घरघर.
नवीन बसवता येईल का?
"येईल की. टाकी कापावी लागेल."
मग जरा थांबून, "कधीपर्यंत?"
ऑक्टोबर, मी म्हटलं,
जसा काही ऑक्टोबर माझ्या मालकीचा.
"ऑक्टोबरात गाई कुरणावरून आत येतात.
तेव्हा मला दोन हात पुरत नाहीत.
नोव्हेंबर कर."

तानेल हसला नाही.
"म्हणजे आता आवृत्ती गाईंच्या वेळापत्रकावर ठरणार?"
मी विचारलं, आतापर्यंत कशावर ठरत होती?
तो उठला, पाव कापायला लागला,
जाड जाड, कुणी जेवायला येणार असल्यासारखा.

शेवटी बदलली ती एकच ओळ.
किमान: तीन-आठ. नोव्हेंबरपासून.
कारणाच्या जागी आधी लिहिलं, 'देखभालीचा भार'.
खोटं नव्हतं. तरी खोडलं.
मग लिहिलं, 'गाई आत आल्यानंतर',
आणि तानेलने काही न बोलता मंजूर केलं.

आज रात्रीची चाचणी सुरू झालीय.
सहाची पाळी सगळ्यात शेवटी येते.
झोपायला जायला हरकत नव्हती.
मी बसून राहिले ती अकरा मिनिटं,
पडद्यावर हिरवे ठिपके एकेक उमटत होते,
खोटे म्हणावेत असे नव्हते.