दोन पावत्या

यंदा माझ्या पाकिटात दोन पावत्या आहेत.
एक पुतळा समितीची, हिरव्या शाईतली, पाचशे एक.
दुसरी जागनाथ बुधवारीच्या पोरांची, तीही पाचशे एक.
दोन्हींवर नाव एकच : कमांडर कौतिका निखारे.
पुतळा झीरो माइलला उभा राहणार,
आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती जळणार.
पोरं आधी बडग्या करायला निघाली होती.
म्हातारे म्हणाले, बाईचा बडग्या होत नसते बाप्पा,
काळी आहे, पिवळी आहे,
यंदा खाकी मारबत काढा.

युद्धाआधी मी कुलर दुरुस्त करायचो.
वाळ्याच्या ताट्या, मोटर, पंप.
मग मला छत्राच्या खोलीत बसवलं;
पंप तो पंपच,
त्यातून पाणी फिरो की आभाळ अडवणारी वीज.

सातव्या उन्हाळ्यात कक्षेतले खाली यायला निघाले.
परके नव्हते. चार पिढ्यांमागे वर गेलेले आपलेच,
रेडिओवर शुद्ध मराठी बोलायचे,
फक्त 'खालचे' म्हणताना थुंकल्यासारखं म्हणायचे.

कोराडीची वीज अर्ध्याच छत्राला पुरत होती.
रुळांच्या अलीकडे किंवा पलीकडे.
तिने पलीकडचे दिवे जळत ठेवायला सांगितले,
इतवारी, महाल, बुधवारी,
जणू सगळी फौज तिथेच जागी आहे.
मी म्हटलं, मॅडम, लोक?
ती म्हणाली, घरं रिकामी केली तर वरून कळेल.
मे महिन्यात नागपूरचा माणूस गच्चीवर झोपतो,
रिकामी गच्ची त्यांना लगेच ओळखू येते.
मग बराच वेळ काही नाही.
कुलरचं पाणी टपकत होतं बादलीत.
मग : "दादा, पलीकडचं बंद कर."

मला दादा म्हणाली. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान.

ते खाली उतरले, दिव्यांवर, अगदी खाली,
आणि सेमिनरी हिल्सवरून आपल्या तोफा उठल्या.
अकरा मिनिटं.
सात वर्षांचं युद्ध अकरा मिनिटांत संपलं
आणि गच्च्या मोजायला नऊ दिवस लागले.

सकाळी तिने कॉटन मार्केटजवळ तर्री पोहे खाल्ले.
वरून चणे मागून घेतले.
आणि सुट्ट्या दोन रुपयांसाठी थांबली.
शहर तिला बाकी सगळं माफ करेल कदाचित,
ते दोन रुपये नाही करत.
मी शेजारी होतो. पोहेवाल्याचा हात थरथरत होता,
ती थांबली नसती तर
त्याला वाटलं असतं, काहीतरी भयंकर झालंय.
किंवा तिला खरंच दोन रुपये हवे होते.
मला ठाऊक नाही.

चौकशीत विचारलं, कळ कुणी दाबली?
ती म्हणाली, मी.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
मी साक्षीला होतो. मी म्हणालो, हो.

तिचं माहेर कुठलं, मी कधी विचारलं नाही.
बुधवारीतले म्हणतात, इथलंच.

पोरं कामठीला तिच्या घरी गेली होती म्हणे,
माप विचारायला, धीटपणे.
तिने ट्रंक उघडून जुना गणवेशच दिला.
म्हणाली, उजवी बाही जराशी आखूड आहे,
ती तशीच राहू द्या.

आज निघाली ती.
बांबूची, कागदाची, तीन मजली,
आखूड बाहीतून बाहेर आलेला भला मोठा हात
आणि त्याचं एक बोट पुढे, दाबायला निघालेलं.
पोरांनी ते छान केलंय. नखसुद्धा रंगवलंय.
बोटाच्या पेरावर सोल्डरिंगचा डाग तेवढा नाही,
तो त्यांना कुठून माहीत असणार.

चितार ओळीपासून गर्दी ओरडत येते,
इडा पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!
माझा उजवा हात खिशात आहे, पावत्यांवर.
मीही ओरडतो.
शेजारचा वळून बघतो, इतक्या मोठ्याने.