मूठभर लोकर

मोखोत्लोंगच्या घाटात बर्फ पडलं
की दवाखाना तीन दिवस लांब जातो.
एरवी घोड्यावरून अर्ध्या दिवसाचा.

नर्स त्सेलिसोनं मला माझ्याच कामातून समजावलं होतं:
मापोन्त्शो, तू विणतेस ना? हा विषाणूही विणतो.
तुझ्या घरात बसून, तुझ्याच लोकरीनं,
स्वतःसारखे आणखी, आणखी.
गोळी त्याच्या सुईवर एक खोटा टाका चढवते,
दिसायला हुबेहूब,
पण पुढचा टाका अडकवायला त्याला फासच नसतो.
"मग मरतो का?"
"नाही. पेटीच्या तळाशी झोपतो.
तू रात्री चुकवू लागलीस की कूस बदलतो."

म्हणून रोज, रेडिओवर आठच्या बातम्या लागताना.

जुन्या गोळीनं जमीन सरकायची,
उतारावर घोडं घसरावं तशी.
आणि स्वप्नं! नवरा खाणीतून यायचा, ओल्या बुटांनी,
मी वाढायचे.
सकाळी चुलीपाशी दोन ताटं खरंच मांडलेली.
मग गोळी बदलली, स्वप्नं गेली.
त्याचं वाईट वाटलं, हे त्सेलिसोला सांगितलं नाही.
आता अंग भरतंय, ब्लँकेटची पिन ओढून लावावी लागते.
मूत्रपिंडं ठीक आहेत ना, म्हणून अधूनमधून रक्त देते.

बाटली मात्र बोलते.
घोडं चाललं की खुळखुळ, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी.
मी तिच्या तोंडात लोकर कोंबते.
पोन्त्शोला लहानपणी तो खुळखुळाच वाटायचा.
तिच्या रक्तात काही नाही. तीनदा तपासलंय.

या जूनमध्ये घाट बंद, आणि माझ्याकडे दोनच गोळ्या.
मागायच्या कुणाकडे?
मागणं म्हणजेच सांगणं.

तिसऱ्या संध्याकाळी मालिनेओ आली, शेजारची.
"चूल पेटवायच्या आधी तू घाटाकडे बघतेस," एवढंच म्हणाली
आणि पदराआडून काढावी तशी
ब्लँकेटच्या घडीतून एक मुकी बाटली काढली.
आतली लोकर विटकरी. मीच रंगवलेली.
मागच्या हिवाळ्यात तिनं मूठभरच घेतली होती,
एवढ्याशात काय विणणार, म्हणून मी हसले होते.

दिव्याजवळ धरून दोघींनी लेबल वाचलं.
तीच.
झाकणात तिनं सहा मोजल्या, मग थांबून आणखी एक.

लोकर परत भरायची ती विसरली,
की नाही भरली, कुणास ठाऊक.
बर्फातून घरी गेली ती
वाजत.