सातशे सत्त्याहत्तर

सातपूरहून हाक जाते,
पिंपळगावहून एकच ओळ येते:
परवानगी नाकारली.

रात्रीचे पावणेदोन, जानेवारी.
खोलीतला एसी सर्व्हरसाठी, शाल माझ्यासाठी.
तिकडे शीतगृहात द्राक्षांच्या अकराशे पेट्या
आणि दर दहा मिनिटांनी नोंदलेलं तापमान,
जे चारच्या आत माझ्याकडे यायला हवं;
कंटेनर न्हावाशेव्याला सुटतो, कागदाशिवाय सुटत नाही.

किल्ली तपासली. तीच आहे.
नवी केली असती, पण ती तिकडे ठेवणार कशी?
पासवर्डची वाट मीच बंद केली, गेल्या चैत्रात.
बोलका हो म्हटलं, तीनदा व्ही जोडून,
तर पानभर बडबडला:
ही किल्ली दाखवतोय, ही दाखवली,
आणि शेवटी पुन्हा तीच ओळ.
नाकारणारा कारण दारात सांगत नाही.
ते तो आतल्या वहीत लिहितो.

म्हणून तौसीफला फोन.
"ताई, मी कॉम्प्रेसरवाला."
तू फक्त वाच, म्हटलं.
स्क्रीन गांगुर्डेनं उघडीच टाकली होती, नेहमीसारखी.
घरघरीतून एकेक अक्षर येत राहिलं:
बी, ए, डी. बॅड. मग ओनरशिप. मग मोड्स.

म्हणजे किल्ली बरोबर, कुलूप बरोबर,
घरच सताड उघडं.
सातशे सत्त्याहत्तर: कुणीही या, लिहा, पुसा.
अशा घरातल्या किल्ल्यांच्या यादीवर
सर्व्हर विश्वास ठेवत नाही.
काल काहीतरी अडलं असेल, गांगुर्डेनं सगळंच मोकळं केलं.
डबाही तो असाच मधोमध उघडून ठेवतो.

"सात, झिरो, झिरो. मधे जागा सोडू नकोस."
"झिरो की ओ?"
"झिरो रे."
एंटर.

आणि एका दमात आत.
ओळी येऊ लागल्या: शून्य पूर्णांक चार,
शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक पाच,
अकरा चाळीसला तीन पूर्णांक एक,
पुन्हा शून्य पूर्णांक सहा.

"तौसीफ, पावणेबाराला दार उघडं होतं का?"

कॉम्प्रेसर ऐकू येतो बराच वेळ.
"चहा आणायला गेलो होतो, ताई. लागलं नसेल नीट."

फाइल इथे उतरली आहे.
मालक: मी.
वाचायची, लिहायची मुभा: फक्त मला.
तीन वाजत आलेत.